रेडिओ फळीवरून उशाशी आला

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तो एका अटीवर. "काका, बँकेच्या आठवणी नकोत. त्या आम्ही दर कोजागिरीला ऐकतो." अट मान्य केली. मग काय लिहावं याचा विचार करत रात्री पडलो होतो, तेव्हा शेजारच्या स्टुलावरचे लाल आकडे दिसले. दोन वाजून सतरा मिनिटं. हा क्लॉक रेडिओ आपल्या सोसायटीपेक्षा वयाने चौदा वर्षांनी मोठा आहे आणि त्याने एकदा बी विंग जाळायची वेळ आणली होती. तो प्रसंग काही जणांना अर्धामुर्धा माहीत आहे. आज सगळा लिहितो. पण सुरुवात जरा मागून करावी लागेल, कारण चूक एका रात्रीत झालेली नव्हती.

आमच्या गिरगावातल्या खोलीत रेडिओ आला तो १९५७ साली. मुंबईत नभोवाणी सुरू होऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने इथलं केंद्र सुरू केलं, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं, आणि आमचा सेट आला त्याच वर्षी ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली. मी सात वर्षांचा होतो. सेट व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. चालू केला की आधी डायलमागचा दिवा लागायचा आणि अर्ध्याएक मिनिटाने, व्हॉल्व्ह तापले की, आवाज यायचा. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी बांधलेली, ती एरियल. पोस्टात वर्षाला पंधरा रुपये भरून लायसन्सच्या पुस्तकावर शिक्का घ्यायचा. ते पुस्तक अण्णा रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवत.

रेडिओची जागा होती फळीवर, माझ्या हाताच्या दोन वीत वर. अण्णांचे नियम ठरलेले होते. ओल्या हाताने बटणाला हात लावायचा नाही. ढग गडगडायला लागले की एरियल काढायची आणि पिनही काढायची. झोपताना बटण बंद करून भागत नसे, पिन काढूनच झोपायचं. मागचा पुठ्ठा उघडायचा तर रेडिओवाल्यानेच. मला सांगायचे, "ओल्या हाताने त्याचा कान पिळलास, तर तो तुझा पिळेल."

तेव्हा हा म्हातारपणाचा जाच वाटे. पुढे एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडून कारण समजलं. त्या काळात काही सेट एसी आणि डीसी दोन्ही विजेवर चालतील असे बनत, कारण बऱ्याच शहरांत काही भागांत डीसी पुरवठा होता. अशा सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसे आणि आतला लोखंडी सांगाडा विजेच्या एका तारेला थेट जोडलेला असे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळा सांगाडा जिवंत. माणूस आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये फक्त लाकडी पेटी, पुठ्ठा आणि बॅकेलाइटची बटणं. बटण आवळणाऱ्या बारीक स्क्रूला चुकून बोट लागू नये म्हणून त्याच्या भोकात मेण भरलेलं असे. आमच्या रेडिओच्या बटणात ते मेण होतं. मी टाचणीने कोरून काढलं होतं आणि अण्णांचा मार खाल्ला होता. तो मार का बसला हे मला चाळिशीत कळलं.

मग ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत १९४७ च्या डिसेंबरात त्याचा शोध लागला, १९५४ मध्ये तिथे पहिला खिशात मावणारा रेडिओ विकायला आला, आणि साठच्या दशकात तो आपल्याकडे पानवाल्याच्या दुकानापासून बैलगाडीपर्यंत सगळीकडे पोचला. सेलवर चालणारा. त्यात शॉक बसण्यासारखं काही नाही. उशाखाली घ्या, पोटावर ठेवून झोपा, काही होत नाही. मी स्वतः बँकेच्या परीक्षेच्या काळात उशाखाली ट्रान्झिस्टर ठेवूनच झोपत असे. माझ्या मते आपली सवय बदलली ती इथे. रेडिओ फळीवरून खाली उतरला, उशाशी आला, आणि अण्णांचे नियम फळीवरच राहिले.

क्लॉक रेडिओची कुळी मात्र वेगळी. तो मुळात घड्याळवाल्यांचा. अमेरिकेत हेन्री वॉरन नावाच्या इंजिनियरने १९१६ च्या सुमारास विजेवर चालणारं असं घड्याळ केलं की त्याची छोटी मोटर पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीबरोबर फिरे. पुढे त्याच्या घड्याळांचं नाव झालं टेलेक्रॉन. किल्ली द्यायला नको, लंबक नको. वीज कंपनीने फ्रिक्वेन्सी बरोबर ठेवली की गावातली सगळी घड्याळं बरोबर. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच याच टेलेक्रॉनने घड्याळ आणि रेडिओ एका डब्यात घातले. १९५६ मध्ये त्यांच्याच घड्याळात डुलकीचं बटण आलं, नऊ मिनिटांचं. सकाळी गजर दाबून पुन्हा कूस वळणाऱ्या आमच्या नातवंडांना त्या नऊ मिनिटांचं वय ठाऊक नसतं. सत्तरच्या दशकात काटे जाऊन आकडे आले, काट्यांच्या मोटरच्या जागी चिप आली. पण चिपसुद्धा वेळ मोजायची ती त्याच पद्धतीने. भिंतीतून येणारी आवर्तनं मोजायची, साठ झाली की एक सेकंद.

अमेरिकेत साठ. आपल्याकडे पन्नास. या दहाच्या फरकाने १९८६ साली माझी जवळजवळ चार्जशीट व्हायची होती.

त्या वर्षी मेहुणे न्यू जर्सीहून आले ते हा रेडिओ घेऊन. काळा डबा, लाल आकडे, वर लांबट बटण. तो ११० व्होल्टचा होता, सरळ भिंतीत लावला असता तर धूरच निघाला असता, एवढं मला माहीत होतं. लॅमिंग्टन रोडवरून २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि मोठा हुशार माणूस असल्याच्या थाटात रविवारी रात्री दहाला वेळ लावून, सहाचा गजर लावून झोपलो. सौ. माहेरी गेली होती. आम्ही तेव्हा डोंबिवलीत भाड्याने राहत होतो आणि माझी शाखा फोर्टात. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही.

गजर वाजला. आकडे सहा दाखवत होते, बाहेर पाऊस, अंधारलेलं. निवांत चहा केला. मनगटी घड्याळ हातात घेतलं तर आठ वाजायला आलेले. व्होल्ट बदलले होते, आवर्तनं कशी बदलणार? ताशी साठऐवजी पन्नासच मिनिटं पुढे सरकणाऱ्या त्या घड्याळाला आठ तास मोजायला नऊ तास छत्तीस मिनिटं लागली. म्हणजे गजर झाला सात छत्तीसला. त्यात महिन्याची पहिली तारीख. मी शाखेत पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, पेन्शनरांची रांग पायऱ्यांवर आली होती आणि हेड कॅशियर आपली किल्ली बोटाभोवती फिरवत उभे होते. मॅनेजर साहेबांना मी फ्रिक्वेन्सी समजावून सांगायला लागलो. ते म्हणाले, "ते लेखी द्या." दिलं. तसं खुलाशाचं पत्र त्या बँकेत आधी किंवा नंतर कुणी लिहिलं नसेल.

पुढे एका मेकॅनिकने आतल्या चिपच्या एका पायाची जोडणी बदलून तिला पन्नासवर आणलं. तरी वेळ पूर्ण लागेना. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं मागेच. मी मेकॅनिकला दोष देत होतो, पण दोष त्याचा नव्हता. त्या काळात आपल्या ग्रीडवर मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असे आणि फ्रिक्वेन्सी पन्नासच्या बरीच खाली उतरे. ती दिवसभर एकोणपन्नास राहिली तर असं घड्याळ चोवीस तासांत जवळजवळ एकोणतीस मिनिटं मागे पडतं. गणित करून बघा. २००२ मध्ये पश्चिम विभागात विजेच्या दराची नवी पद्धत आली. फ्रिक्वेन्सी खाली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर भुर्दंड, अशी. तेव्हापासून माझ्या रेडिओची वेळ सुधारली. (युरोपातही २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया-कोसोवोच्या भांडणापायी फ्रिक्वेन्सी किंचित घसरली आणि अशी घड्याळं सहा मिनिटं मागे पडली. वाचून मला फार बरं वाटलं.)

२००० साली आपण सगळे या इमारतींत राहायला आलो. रेडिओही आला, ट्रान्सफॉर्मरसकट. नंतरची भारनियमनाची वर्षं तुम्हाला आठवतात. वीज गेली-आली की त्याचे आकडे १२:०० वर लुकलुकत बसायचे. त्यासाठी पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घालायची सोय असते. वीज गेली की आकडे विझतात, पण आत मोजणी चालू राहते. मी ती घातली आणि विसरलो. तीन वर्षांनी झाकण उघडलं तर पांढरा-हिरवट लगदा. तेव्हापासून दर दिवाळीला बदलतो. जुनी टाकताना तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावतो, कारण दोन्ही टोकं जवळजवळ असतात, ड्रॉवरमध्ये एखादी किल्ली किंवा नाणं त्यांच्यावर आडवं पडलं तर ती तापून पेट घेऊ शकते.

एकदा मे महिन्यात बी विंगचा न्यूट्रल तुटला होता, तेही जुन्या सभासदांना आठवत असेल. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल सुटला की कुणाच्या घरात दीडशे व्होल्ट तर कुणाच्या घरात साडेतीनशे. पाच घरांतले टीव्ही गेले. माझा रेडिओ वाचला तो केवळ त्या दिवशी मी धूळ पुसायला पिन काढली होती म्हणून.

आता त्या रात्रीबद्दल.

२०१६ चा ऑक्टोबर. सौ.ची बायपास झालेली, ती बहुतेक वेळ पलंगावरच. तिला रात्री झोप लागत नसे. रेडिओ हळू आवाजात लावून पडून राहायची. शिवाय ते लाल आकडे. ती म्हणायची, "रात्री जाग आली की किती वाजले ते दिसतं, मग भीती वाटत नाही." तर तिच्या उशाशी काय काय होतं ते सांगतो. पलंगाच्या मागे, भिंत आणि गादी यांच्या फटीत, एक एक्स्टेन्शन बोर्ड. त्यात रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, तिचा मोबाइल चार्जर, डासांचं यंत्र आणि हवेची गादी फुगवणारा छोटा पंप. रेडिओवर तिनेच विणलेला क्रोशाचा रुमाल, म्हणजे नेमका हवेच्या भोकांवर. शेजारी तांब्या-भांडं. रेडिओची एरियलची लोंबती वायर खिडकीच्या लोखंडी ग्रिलला बांधलेली. आणि एक्स्टेन्शनची वायर पलंगाच्या पायाखालून गेलेली. हे सगळं मी केलेलं होतं, ज्याच्या वडिलांनी झोपताना पिन काढायची शिस्त लावली होती त्याने.

पहाटे तीनच्या सुमारास तिने मला हलवलं. "अहो, खाली कुणी सुकट भाजतंय का?"

मलाही वास आला. पहाटे तीनला सुकट कोण भाजणार? पण वास अगदी तसाच. नंतर कळलं की बोर्ड आणि वायरचं प्लॅस्टिक तापायला लागलं की कित्येकदा असाच मासळीसारखा वास येतो, धूर दिसायच्या आधी. मी दिवा लावायला उठलो आणि पलंगामागून बारीक तडतड ऐकू आली. पिन ओढायला हात घातला नाही, एवढीच त्या रात्रीतली माझी अक्कल. आधी दाराजवळचा मेन पाडला. मग टॉर्चच्या उजेडात तिला उठवून बाहेरच्या खोलीत बसवलं. तिला दोन पावलंही आधाराशिवाय टाकता येत नव्हती. शेजारचे दोघं आणि वॉचमन आले, पलंग ओढला. बोर्डाचं बूड तपकिरी होऊन खाली वाकलं होतं. चादरीच्या लोंबत्या टोकाला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या. अजून पंधरा मिनिटं ती गाढ झोपली असती तर, याच्या पुढचा विचार मी करत नाही.

सकाळी इलेक्ट्रिशियन आला. मी त्याच्यावरच उखडलो. "अरे, एवढे एमसीबी बसवलेत, एकही पडला कसा नाही?" त्याने जे सांगितलं ते मला बँकेच्या भाषेत समजलं, तसंच लिहितो. एमसीबी फक्त एकूण उचल किती ते बघतो. मर्यादेबाहेर गेली तर बंद. आरसीसीबी संध्याकाळची कॅश टॅली करतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे. घरगुती वापराच्या आरसीसीबीत तीस मिलिअँपिअरचा फरक आला की तो क्षणात सगळं बंद करतो, कारण तो फरक माणसाच्या अंगातून जात असू शकतो. तीस मिलिअँपिअर म्हणजे नऊ वॅटच्या एलईडी दिव्यापेक्षाही कमी. पण आमच्या बोर्डात पिन ढिली बसली होती. ढिल्या जोडावर ठिणग्या पडत होत्या, जोड तापत होता. उचल मर्यादेत, टॅली बरोबर. दोन्ही पहारेकऱ्यांच्या दृष्टीने हिशेब चोख आणि तिजोरीला आतून आग.

त्याने ट्रान्सफॉर्मरही उघडून दाखवला. मी तीस वर्षं समजत होतो की तो मला २३० पासून वेगळं ठेवतो. त्या स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच गुंडाळी होती. बाहेर ११० मिळत होते, पण तार भिंतीतल्या विजेशी थेट जोडलेलीच. फळीवरच्या त्या रेडिओसारखंच हे, फक्त मेण न भरलेलं.

मी रेडिओ भंगारात द्यायला काढला. सौ.ने देऊ दिला नाही. "बोर्ड तुम्ही लावलात आणि शिक्षा त्याला?" मग तिच्यासाठी सगळं नव्याने मांडलं. भिंतीत पलंगाच्या उजव्या हाताला, गादीच्या वर, स्वतंत्र प्लगपॉइंट काढून घेतला, पिन घट्ट बसेल असा. दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर आणला. रेडिओ पलंगाला न चिकटता हातभर लांब स्टुलावर, भिंतीपासून चार बोटं पुढे. तो गाणं म्हणत नसला तरी आतला ट्रान्सफॉर्मर चोवीस तास चालूच असतो आणि कोमट असतोच, त्याला हवा लागते. रुमाल काढला. त्यावरून दोन दिवस अबोला. तांब्या-भांडं दुसऱ्या बाजूला गेलं. एरियलची वायर ग्रिलवरून सोडून पडद्याच्या मागे टाचली. आकड्यांचा उजेड मंद करायची कळ मागे होती, ती तीस वर्षांत पहिल्यांदा वापरली. आणि आठवड्यातून एकदा मी प्लगवर हात ठेवून बघायला लागलो. कोमट चालेल. हात ठेवून राहवत नसेल तर लगेच मेन बंद आणि इलेक्ट्रिशियन.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत मी मीटर पॅनेलच्या तपासणीचा विषय मांडला. फार खडाजंगी झाली. खर्च कशाला, अजून इमारत नवीन आहे, काकांच्या घरचा बोर्ड जळला तर सोसायटीने का भरायचं, सगळं ऐकलं. शेवटी एका मताने ठराव पास झाला. तपासणीत बी विंगच्या अर्थिंगची पट्टी जमिनीजवळ गंजून तुटलेली निघाली. किती वर्षं तुटलेली होती कोण जाणे. बोअरच्या मोटरपासून प्रत्येकाच्या गीझरपर्यंत सगळ्यांची तिसरी पिन तेवढी वर्षं शोभेची होती. माझ्या रेडिओला दोनच पिना, त्याला अर्थिंगशी देणंघेणं नाही, पण तो निमित्त झाला. त्या दिवसापासून विरोधात मत देणारे गृहस्थ मला जिन्यात आधी नमस्कार करतात.

हल्लीच्या घड्याळांचं एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी नातीसाठी मोबाइलला जोडायचं घड्याळ-स्पीकर आणलं. त्याच्या चिमुकल्या रिमोटमध्ये नाण्यासारखी बॅटरी असते. नात दोन वर्षांची. एक दिवस रिमोटचं झाकण तिच्या मुठीत आणि बॅटरी पलंगाखाली सापडली. सापडली म्हणून मी हे शांतपणे लिहितो आहे. अशी बॅटरी मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्याने तिच्यातून प्रवाह सुरू होतो आणि दोन तासांतही आतून भाजतं. संशय जरी आला तरी उलटी करायला न लावता थेट इस्पितळ गाठायचं. ज्या रिमोटचं झाकण स्क्रूने बंद होत नाही तो आमच्या घरात आता राहत नाही.

सौ. २०१९ मध्ये गेली. तोपर्यंत रोज रात्री रेडिओ लागायचा. आता तिच्या बाजूचा प्लग रात्री मी काढू शकतो, अण्णांच्या नियमाप्रमाणे काढायलाही हवा, चार-पाच वॅट म्हटले तरी वर्षाला चाळीसेक युनिटं जातात. पण पिन काढली की आकडे विझतात. म्हणून काढत नाही. प्लगवर हात ठेवून बघतो आणि झोपतो.